मधली जाळी

अब्बूंना मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही, म्हणून सासर सोडून आल्यापासून दुकानातल्या जर्बिल उंदरांमधले नर-मादी मीच ओळखते. शेपटी बुडाशी धरून उचलायचं. खालच्या दोन छिद्रांत अंतर जास्त तो नर, कमी ती मादी. आज धानोऱ्याच्या एका ताईंना मी जोडी काढून दिली. "आतेच एकच पिंजरामा ठेऊ का?" त्यांनी अब्बूंना विचारलं. "नको, ताई. आठ दिवस मधे जाळी ठेवा. एकमेकांचा वास ओळखीचा झाला की काढा." "मंग बी नर चावना तर?" "एकदा जरी चावला तरी मादीला लगेच परत आणा," अब्बू म्हणाले, "मी ठेवून घेईन." मी पिंजऱ्यात जाळी बसवली, हलवून पाहिली. नवरा मारतो म्हणून मी सुरतहून तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा अब्बू म्हणाले होते, "थोडा निभा ले, बेटा."