तुटलेल्या स्प्रिंगचं पान

“ते पेज आत्ताच्या आत्ता काढ,” रविराज बायकोला म्हणाला. समोरच्या जर्मन कंपनीतून नुकताच फोन आला होता. क्वालिटीच्या मॅडमना तुमच्या वेबसाइटवरच्या तुटलेल्या स्प्रिंगबद्दल बोलायचं आहे, लगेच या.

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या विजयश्रीनं ते पान उघडलं. वेबसाइट तिनंच बनवली होती आणि ते पानही तिचंच होतं.

चाकणच्या एमआयडीसीत त्यांचं स्प्रिंगा बनवायचं शेड होतं आणि रस्त्यापलीकडे ही कंपनी. रविराज चार वर्षं तिच्या गेटवर व्हिजिटिंग कार्डं देत आला होता. वॉचमन कार्ड घ्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा, आत मात्र सोडायचा नाही. आता त्यांचं जुनं मोठं गिऱ्हाईक आपला प्लांट दुसऱ्या राज्यात हलवत होतं. दिवाळीपर्यंत नवी कंपनी मिळाली नाही, तर शेड गोदामासाठी भाड्यानं द्यायचं आणि कामगारांना निरोप द्यायचा, असं घरात ठरलं होतं. त्या विचारानं विजयश्रीला घास गोड लागत नव्हता.

हल्ली गिऱ्हाइकं गूगलवरून येतात, म्हणून पिंपरीच्या निरंजनला बोलावलं. गूगलच्या यादीत वेबसाइटी वर चढवून देणं हा त्याचा धंदा.

“वहिनी, गूगल बघतं काय, तर तुमच्याकडे बोट दाखवणारे किती आहेत. दुसऱ्याच्या वेबसाइटवर तुमची लिंक, म्हणजे एक बोट. मी तुम्हाला दोनशे बोटं आणून देतो!”

कुठली बोटं, ते तिनं बघितलं. केस वाढवायचं तेल, रमीचा जुगार, पत्रिका जुळवणारे गुरुजी. गुरुजींनी सांगितलं म्हणून स्प्रिंग कोण घेणार? रविराजला मात्र सौदा पटला होता. “दसऱ्यापर्यंत थांबा,” ती त्याला म्हणाली. “कुणी आपणहून बोट दाखवावं असं काहीतरी मी लिहून बघते.”

आणि लिहिलं काय, तर घरचीच फजिती. तिचे सासरे उद्धवराव यांची एक खोड होती. माल नापास होऊन परत आला की लोक तो गुपचूप भंगारात घालतात. उद्धवराव त्यातला तुटका नग टेबलावर मांडायचे आणि येईल त्याला, अगदी गिऱ्हाइकालासुद्धा, तो का तुटला ते सांगायचे. विजयश्रीनं तेच लिहून काढलं. प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, होऊन आलेल्या स्प्रिंगा लगेच भट्टीत भाजायच्या असतात, नाहीतर त्या आतून ठिसूळ होतात. एकदा नेमकी लाइट गेली आणि भट्टी दुसऱ्या दिवशी लागली. तपासणीत सगळ्या स्प्रिंगा पास झाल्या. गिऱ्हाइकाकडे बसवल्यावर मात्र त्या कुणी हात न लावता आपोआप मोडल्या.

“दिसायला चांगल्या व्हत्या, पोरी. आतून रुसल्या व्हत्या,” उद्धवराव म्हणाले होते. तेही वाक्य तिनं इंग्रजीत घातलं. स्प्रिंगच्या मोडलेल्या जागेचे जवळून फोटो काढले, भाजायला किती उशीर झाला आणि त्यानंतर आपण काय बदललं ते मांडलं. काहीच झाकलं नाही. मग महिने गेले आणि निरंजन मधूनमधून फोन करून विचारायचा, “काय वहिनी, आलं का एखादं बोट?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” रस्ता ओलांडताना रविराज धुसफुसला. “तू ती चव्हाट्यावर उघडलीस. ज्या गेटातून आत जायला तरसलो, तिथं आज शिव्या खायला चाललोय.”

“खोटं लिवलं न्हाई ना? मग चल,” सोबत निघालेले उद्धवराव म्हणाले.

वॉचमननं पहिल्यांदाच त्यांना पास दिले. वरच्या खोलीत क्वालिटीच्या दीपमाला मॅडम बसल्या होत्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक पान होतं. भाषा परकी, एक वाक्य कळेना. पण मधोमध विजयश्रीनं काढलेला फोटो होता आणि त्याखाली निळ्या अक्षरात त्यांच्या शेडचं नाव, म्हणजे लिंक.

रविराज उभाच राहिला. “मॅडम, चूक झाली. संध्याकाळपर्यंत पेज काढून टाकतो.”

“अहो, काढू नका!” दीपमाला मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “हे आमच्या जर्मनीच्या हेड ऑफिसचं पान आहे. जगभरातल्या प्लांटमधले आमचे इंजिनिअर यावरून शिकतात. अशा स्प्रिंगा का मोडतात, ते दाखवायला त्यांना कुणाचा तरी खरा अनुभव हवा होता. चुका सगळ्यांच्याच होतात हो, लिहून कोण ठेवतं? खूप शोधल्यावर त्यांना तुमचं हे एकच पान सापडलं.”

विजयश्री पडद्याजवळ गेली. शेडमधल्या खडखडाटात, पत्र्याखाली घाम पुसत तिनं ते लिहिलं होतं. कुठल्याशा थंड गावात कुणा अनोळखी माणसानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि कुणी न सांगता आपलं बोट इकडे वळवलं.

“आमचं रुसणं बी लिवलंय का त्यात?” उद्धवरावांनी हळूच विचारलं.

“हो काका, जर्मनमध्ये!” मॅडम हसल्या. मग समोरचा लॅपटॉप ओढून घेत त्या जरा ओशाळल्या. “आता माझी पंचाईत ऐका. काल त्यांचा मेल आलाय. नव्या मॉडेलच्या स्प्रिंगा याच लोकांकडून घेता येतील का, ते बघा म्हणतात. आणि विचारतात, हे लोक तुमच्यापासून किती लांब आहेत, जाऊन यायला एक दिवस पुरेल का?”