ताईची खात्री

“माझ्यापुढे कबूल केलंस ना? आता कपाटाला कुलूप असताना कुठून खातोस, तेवढं डॉक्टरांना सांग,” ताई म्हणाली आणि भावाला खुर्चीत बसवून स्वतः उभी राहिली.

भावाने मान खाली घातली. पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेलेली. पण मोतीबिंदू वाढला आणि हातातलं काम गेलं. शेवटच्या पाटीवरची अक्षरं उतरणीला लागली होती, दुकानदाराने ती तशीच परत पाठवली. डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, पण उपाशीपोटी साखर भरमसाट निघाली म्हणून दोनदा पुढे ढकलली. डोळाच नाही तर ब्रश कसला धरणार?

ताईचं निदान केव्हाच झालं होतं. हा चोरून गोड खातो. ती बस डेपोत पहाटेच्या गाड्या सोडायची. तिने हात दाखवल्याशिवाय एक चाक हलायचं नाही. थापा मारणारा ड्रायव्हर तिला लांबून चालीवरून कळायचा, मग घरातला चोर असा कोण मोठा लागून गेला? भाऊ रात्रभर कूस बदलायचा. “मन खातं त्याला झोप कशी लागेल,” ती म्हणायची. वर मध्येच उठून विचारायचा, खायला काही आहे का. आणखी काय पुरावा हवा? पहिल्यांदा शस्त्रक्रिया पुढे गेली तेव्हा तिने त्याला फैलावर घेतलं, आणि तो मुकाट म्हणाला, “हो ताई, खातो मी.” तिने त्याच दिवशी साखर, बिस्किटं कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली. रक्तातली साखर तरी तिथेच!

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सांधे सुजतात म्हणून भावाला स्टेरॉइडची गोळी त्यांनीच लिहून दिली होती.

“गोळी कधी घेता?” त्यांनी भावाला विचारलं.

“तो कशाला घेतोय? मी देते,” ताई म्हणाली. “रात्री जेवण झालं की, माझ्या डोळ्यांदेखत. एक दिवस चुकलेली नाही.”

“मी तर सकाळी नाश्त्यानंतर सांगितली होती.”

“सकाळी मी डेपोत. याच्या भरवशावर ठेवली तर गोळी डबीतच म्हातारी होईल. पोटात गेल्याशी मतलब. गोळीला काय घड्याळ कळतं?”

“गोळीला नाही कळत. शरीराला कळतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या गोळीसारखंच एक द्रव्य आपलं शरीरही बनवतं. पहाटे भरपूर. ते आपल्याला उठवतं, रक्तात साखर सोडतं, दिवसाच्या कामाला जुंपतं. रात्री ते ओसरतं, म्हणून झोप लागते. तुम्ही नेमकी तेव्हाच गोळी देता. मग ह्यांच्या शरीरात रात्रभर दिवस चालू. झोप नाही, भूक खवळलेली, आणि सकाळी तपासायला जावं तर साखर चढलेली.”

ताई हळूच खुर्चीवर टेकली. “म्हणजे चोरून खाणं वगैरे...”

“मला तरी गोळीच दिसतेय. बंद मात्र करायची नाही हं, सकाळी घ्यायची. साखर उतरायला हवी. मी लक्ष ठेवीन, मग शस्त्रक्रियाही होईल.”

ताई रडत बसणारी बाई नव्हती. “उद्यापासून डेपोतून फोन करीन,” ती उठत म्हणाली. “गोळी गिळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.” भावाने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

बाहेर जिन्याशी मात्र तिचा पाय अडला. दोन महिने या भोळ्या माणसाला आपण चोर ठरवलं, रात्री भूक लागली तरी काही खायला दिलं नाही. तिला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली पायरी कुठे आहे ते चाचपडणाऱ्या भावाचा हात तिने घट्ट धरला.

“अरे वेड्या, खात नव्हतास तर कबूल कशाला केलंस?”

भावाने खरोखर विचार केला.

“तू इतकं खात्रीने सांगत होतीस, ताई,” तो म्हणाला, “मला वाटलं, पहाटे जरा डोळा लागतो, तेव्हा झोपेत उठून खात असेन.”