फाटक्या कानाचा झेब्रा

"केबल कार नको, पायीच!" बेलेन धापा टाकत म्हणाली. माझी ही मामेबहीण पहिल्यांदाच ला पाझला आली होती आणि आमचे चढ तिचा जीव काढत होते. उत्साह मात्र नुसता उतू जात होता.

पहिल्याच चौकात एका झेब्र्याने तिला कमरेत वाकून मुजरा केला आणि हात धरून रस्ता ओलांडून दिला. आमच्या शहरात हे काम झेब्र्याचे पोशाख घातलेली कॉलेजची पोरं करतात. बेलेन हरखूनच गेली.

पुढच्या चौकात ती ओरडली, "ताई, हा मघाचाच! कान फाटलाय बघ!"

"अगं, सगळेच पोशाख जुने आहेत. कापडावर कसली भाळतेस!"

चर्चसमोरच्या चौकातही तोच कान दिसला. बेलेन टाळ्या पिटत धावली. मी पायऱ्यांशी थांबले. तिथे झेब्र्यांची जेवणाची सुट्टी चालली होती. मुखवटे पाठीवर टाकून पोरं गरम साल्तेन्या, रस्सा भरलेल्या भाजक्या करंज्या, खात होती.

"तुमचा तो गडी जेवत नाही का?" मी विचारलं.

एका पोरीने हनुवटीवर ओघळलेला रस्सा बाहीला पुसला. "कुठला, मावशी? आम्ही सगळे इथंच आहोत की."

मग तिने चौकाकडे पाहिलं आणि घास तोंडातच राहिला.

सिग्नल हिरवा झाला होता. एकही मिनीबस हलली नाही, भोंगा वाजला नाही.

रस्त्याच्या मधोमध बेलेन त्याच्या मानेला मिठी मारून खिदळत होती.

"ताई, ये ना लवकर! हात लावून बघ, हे कापड नाहीये!"