दाणा काही दबेना
राजमा आदल्या संध्याकाळपासून भिजत होता. सकाळी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, चिमूटभर सोडाही पडला, पण दाणा काही दबेना. कालच घरी आलेल्या लेकाने एक तोंडात टाकला आणि दाढ चोळत बसला. मग घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला स्वतःच ओट्याशी आला. गॅस बघितला, कुकरची रिंग बघितली, शेवटी राजम्याचा डबा उघडून हुंगला.

"आई, इतका जुना राजमा जन्मात शिजत नाही. कधीचा आहे हा?"

आईने कुकरचं झाकण पुन्हा लावलं.

"तू पहिल्यांदा फोनवर म्हणालास ना, पुढच्या महिन्यात येतो, राजमा कर. तेव्हाच आणून ठेवला होता."