नऊपर्यंतची वेळ

बाळ सातलाच झोपायचं. तरी वहिनी बाळ सांभाळणाऱ्या मावशीला नऊपर्यंत थांबवायच्या आणि जास्तीच्या दोन तासांचे पैसे आधीच तिच्या हातावर ठेवायच्या.

"झोपलेल्या पोराला काय सांभाळायचं, वहिनी? मला मेलीला फुकटचं पचत नाही."

"असू दे. बसा तुम्ही."

साहेब यायचे, मावशीसमोर मुकाट जेवायचे आणि आडवे व्हायचे. मगच वहिनी तिला "निघा आता" म्हणायच्या.

त्या दिवशी साहेब लवकर आले आणि वहिनींना पैसे देताना त्यांनी पाहिलं. "पोर घोरतंय आणि ही बाई पगारी बसलीय! पैसे काय झाडाला लागतात?" त्यांनी मावशीची पिशवी जिन्यात भिरकावली, तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

मावशी चप्पल चढवत होती तोच आत काच फुटली. मग फटके ऐकू आले, कपाटावर डोकं आपटल्याचा दणका आला आणि वहिनींचा दबका आवाज, "बाळ उठेल हो, बाळ उठेल."

मावशीने दोन्ही मुठींनी दार बडवलं. शेजारची दारं उघडली तरी ती थांबली नाही. शेवटी कडी निघाली.

"काय राहिलं तुझं?"

"नऊ वाजायचे राहिलेत, साहेब. पैसे घेतलेत मी." त्यांना खांद्याने बाजूला सारून ती आत शिरली.



पाळण्याकडे न बघता ती फरशीवर बसली आणि वहिनींचं डोकं तिने मांडीवर घेतलं.