क्वेटीचं घर

“उद्या घर रिकामं करा,” सरकारी अंमलदार हॉब्स घोड्यावरूनच म्हणाला. “सलालीनं कागदावर सहीची फुली मारलीय. घर गेलं, शेत गेलं. आता मिसिसिपी नदीपल्याड चला.”

सलालीने मान खाली घातली. फुली त्यानेच मारली होती, तीही बायकोला न विचारता. बदल्यात सरकारने नवी बंदूक दिली होती. शेजारची घरं एकेक करून गोऱ्यांच्या घशात जात होती. आपलंही आज ना उद्या जाणार, मग निदान बंदूक तरी पदरात पडेल, असं त्याला वाटलं होतं. पण चेरोकी जमातीत घर बायकोचं, शेतही तिचंच. नवरा लग्न करून तिथे नांदायला येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. सलालीने तेवढं मात्र हॉब्सला सांगितलं नव्हतं.

क्वेटी मका कांडायचं मुसळ हातात घेऊनच बाहेर आली. “घर माझं. मी कुठे फुली मारलीय?”

“नवऱ्याची फुली ती बायकोची फुली.”

“नवऱ्याची ना? थांब जरा.”

ती आत गेली. दारातून सलालीची घोंगडी बाहेर आली, मग जोडे, चिलीम, जुनी बंदूक. शेवटी सरकारी बंदूक घोड्याच्या पायाशी येऊन पडली. घोडा बिचकला.

“हा आता माझा नवरा नाही,” क्वेटी म्हणाली. “आमच्यात काडीमोड एवढ्यावरच होतो. याचं घर असेल तिथे जाऊन खुशाल घे.”

हॉब्सला हुकूम होता, फुली मारणाऱ्याचंच घर घ्यायचं. तो सलालीकडे वळला. “ही नाटकं करतेय. तू फक्त काडीमोड झाला नाही म्हण. घर मी आजच ताब्यात घेतो, आणि बायको येईलच तुझ्यामागून.”

क्वेटीवाचून जगणं सलालीला नको होतं. त्याने तिच्या शेताकडे पाहिलं. तिच्या आईनं, आजीनं कसलेलं शेत. ते आपण एका बंदुकीवर उधळलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

“ती खरं बोलतेय,” तो म्हणाला. “मी इथला कुणी नाही. आणि ही तुमची बंदूक घेऊन जा.”

वरच्या साहेबांना विचारून येतो, असं काहीतरी पुटपुटत हॉब्सने घोडा वळवला.

सलाली खाली बसून आपलं सामान गोळा करू लागला. डोळे भरून आल्याने त्याला जोडा सापडेना.

“कुठे निघालास?” क्वेटीने विचारलं.

“आईकडे.”

“रानातून जा. हरण मिळालं तर मांडी घेऊन ये. मका मी देईन.”

सलाली बघतच राहिला. हरणाची मांडी वराकडची आणि मका वधूकडचा, हे तर लग्नातलं देणं-घेणं.

“क्वेटी, आणि तो कागद?”

“त्यावर माझ्या जुन्या नवऱ्याची फुली आहे. नव्यानं अजून कुठेच मारलेली नाही.”