दीड इंच

नवरदेवाने जॅकेटच्या दोन्ही बाह्या, आतलं लाल अस्तर बोटभर दाखवत, कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. मंगल कार्यालयातली पोरं ती घडी न्याहाळत होती. एकाने विचारलंच, "ही कुठली स्टाइल रे?"

"हे आमचे टेलरकाका. यांना विचारा," नवरदेवाने माझ्याकडे बोट केलं.

कसली स्टाइल? डावी बाही मी दीड इंच तोकडी कापली होती. चूक कळल्यावरही गप्प बसलो आणि परत आणायला वेळ उरू नये म्हणून जॅकेट आदल्या संध्याकाळी दिलं.

तो माझ्या पाया पडायला वाकला, तशी डावी घडी सुटली. खरं बोलायचं सोडून मी झटकन तीच दुमडायला लागलो.

"सावकाश दुमडा, काका," तो कानाशी म्हणाला. "आता तरी दोन्ही सारख्या येऊ द्या."